ढिल्लेभाऊ

ढिल्ले हे त्यांचं आडनाव नाही, हे कळायला मला सालेकशातलं अख्खं एक वर्ष लागलं. तोवर मी शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या नातवाच्या नावापुढं 'ढिल्ले' लिहून मोकळा झालो होतो. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं, कपाळाला हात लावला आणि व्हाइटनरची बाटली माझ्यापुढं सरकवली. "अहो, ते त्यांचं पालुपद आहे. आडनाव नाही."

पालुपदच. पंप बंद पडो, छप्पर गळो, दोन भावांत बांधीच्या धुऱ्यावरून वाजो, नाहीतर एखाद्या घरात नवराबायकोचा अबोला चालू असो, भाऊ मान तिरकी करून क्षणभर ऐकणार आणि निदान सांगणार, "कुठंतरी ढिल्लं हाये." बहुतेक वेळा ते खरंही असतं.

आमगाव रस्त्याला त्यांचं टिनाचं शेड आहे. मोटारपंप, धानाचे हलर, थ्रेशर, सायकली, जे फिरतं ते सगळं तिथं येतं. बाहेर पाटी नाही. असती तर तिचा एखादा खिळा सैल झाला असता आणि भाऊंना झोप लागली नसती. त्यांची स्वतःची सायकल इतकी मुकी की अंधारात ती अंगावर येईपर्यंत पत्ता लागत नाही. गावातली कुत्रीसुद्धा ती निघून गेल्यावर भुंकतात. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांनी तीन दिवस स्वयंपाकघरात एक बारीक किणकिण शोधली होती म्हणे. डबे उतरवले, मांडणी भिंतीपासून सरकवली, खिडकीचे गज हलवून पाहिले. चौथ्या दिवशी वहिनींनी बांगड्यांचे दोन्ही हात त्यांच्या नाकापुढं धरले. ही गोष्ट वहिनी पाहुण्यांना अजून सांगतात, आणि भाऊ अजून म्हणतात, "पन आवाज होता का नाई?"

असा कान घेऊन या माणसानं राहावं कुठं, तर रेल्वेलाइनीच्या काठी. सालेकसा मुंबई-हावडा मार्गावर आहे. इकडं धानोली, आमगाव, गुदमा, गोंदिया. तिकडं दरेकसा, बोगदा, मग हद्द ओलांडून बोरतलाव, पनियाजोब, डोंगरगड. छत्तीसगडातला कोळसा घेऊन मालगाड्या रात्रंदिवस खाली येतात आणि रिकाम्या होऊन वर जातात. गाडी गेली की गावातल्या प्रत्येक मांडणीवरच्या ताटल्या बोलू लागतात. आम्हाला ते आता ऐकूही येत नाही. भाऊ मात्र रुळांकडं पाठ करून बसले असले तरी सांगतात, "खाली." किंवा, "भरेल." रिकामी वाघीण खडखडते, भरलेली दणकते, हे मीही सांगू शकतो. पण भाऊ पुढं जाऊन म्हणतात, "मधातल्या एका डब्याचं काहीतरी लटकून राहिलं." मग त्यांचा चेहरा पडतो. ती गाडी थांबवून पाना लावायचा अधिकार आपल्याला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी खंत असावी.

बसचा प्रवास हा तर त्यांचा छळ. मी एकदा त्यांच्यासोबत गोंदियाला गेलो. खिशात आगपेटीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कातरून ठेवलेले. बसल्याबसल्या एक तुकडा शेजारच्या काचेच्या फटीत गेला. मग उठून पुढची काच. मग पलीकडच्या बाजूची, झोपलेल्या बाईच्या डोक्यावरून हात घालून. आमगाव येईपर्यंत पाच काचा गप्प झाल्या. कंडक्टर काही बोलला नाही. त्यानंच खिशातली रिकामी आगपेटी काढून दिली.

तर अशा माणसापुढं मी माझी इलेक्ट्रिक गिटार नेली. नेली म्हणजे काय, तेच आले.

गिटार कॉलेजातली. नागपुरात सीताबर्डीवर घेतली होती, कोलकात्याची बनावट. म्हणजे माझी बदली व्हायच्या कितीतरी आधी ती याच लाइनीनं सालेकशावरून पार्सलच्या डब्यात गेली असणार. बदलीच्या सामानात ती आली आणि भिंतीला लागली. एका संध्याकाळी वीज नव्हती म्हणून काढून वाजवत बसलो, नुसतीच, अॅम्प्लिफायरशिवाय. पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात बोट ठेवलं की तारेच्या सुराबरोबर एक भुंगा निघायचा. झुर्रर्र. बाकी कुठं नाही, तिथंच. नागपुरातल्या एका दुकानदारानं पूर्वी सांगितलं होतं की अख्खा ब्रिज बदलावा लागेल. त्यानं सांगितलेल्या खर्चात मी तेव्हा चप्पल घेतली होती.

दारात भाऊ उभे होते. रस्त्यानं जाताना थांबले होते.

"गुरुजी, कुठंतरी ढिल्लं हाये."

मला वाटलं, आता ते पेचकस काढतील. पण पहिले दोन दिवस त्यांनी गिटारीला हात लावला नाही. "आंधी घर चूप करा," म्हणाले. मी ती तार छेडत बसायचं आणि ते खोलीत फिरत एकेका वस्तूवर तळहात ठेवणार. फोटोची काच, माठावरची झाकणी, खुंटीला टांगलेली किल्ली, ट्यूबलाइटची पट्टी. कपाटाच्या कडीला त्यांनी सुतळी गुंडाळली. दाराच्या बिजागरीत एक वायसर गेला. मांडणीच्या मागं पोत्याची घडी गेली. आमच्या घरच्या मंडळींना गिटार पहिल्यांदाच उपयोगी वाटली. मधे मालगाडी आली की सगळं काम थांबवून, डोळे मिटून बसायचं. गाडी धानोलीकडं पुरती निघून गेल्यावरच, "हां, वाजवा."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मान्य केलं की आवाज गिटारीतच आहे. आता गिटार चारपाईवर आडवी झाली, खाली वहिनींचं जुनं लुगडं.

इथं जरा घोडीबद्दल सांगायला हवं. ज्या पुलावरून तारा जातात त्याला इंग्रजीत ब्रिज म्हणतात, आणि त्या ब्रिजवर प्रत्येक तारेखाली जो लहान तुकडा असतो त्याला सॅडल, म्हणजे खोगीर. पुलावर खोगीर चढवणाऱ्या भाषेचं काय करावं! आपल्या सतारी-तानपुऱ्यांत त्या पुलाला घोडी म्हणतात, त्यामुळं खोगिराला निदान बसायला पाठ मिळते. भाऊंना मी घोडी हा शब्द सांगितला आणि तो त्यांना इतका आवडला की त्या दिवसापासून त्यांनी गिटारीला स्त्री मानलं.

माझ्या गिटारीची घोडी म्हणजे एक लोखंडी पट्टी. तिच्यावर वाकवलेल्या पत्र्याची सहा खोगिरं. प्रत्येक खोगिराला उंची कमीजास्त करायला दोन बारीक स्क्रू, बाजरीच्या दाण्याएवढे. त्यांना डोकंच नसतं. मागून एक लांब स्क्रू, त्यावर पेनातल्यासारखी स्प्रिंग. तो फिरवला की खोगीर पुढंमागं सरकतं आणि तार वरच्या पडद्यांत सुरात येते. आणि पट्टी लाकडाला धरून ठेवायला पुढून सहा. भाऊंनी दोनदा मोजले. "चोवीस इस्क्रू! बोटाभऱ्या जाग्यात! अन बारा तं बिनटोपीचे." ते हरखून गेले होते. एवढ्या ठिकाणी ढिलं होण्याची सोय असलेलं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मोठा पेचकस काढला. टोक खोगिरावर टेकवलं, लाकडी मूठ कानात घातली. इंजिनाचं कोणतं बेअरिंग गेलंय हे मिस्त्री लोक असंच ऐकतात. डॉक्टरांची नळी त्यापुढं पोरखेळ. "वाजवा." सहावी तार. "नाई." पाचवी. भाऊंचे डोळे बारीक झाले. पेचकस दुसऱ्या खोगिरावर, परत पाचवीवर. मग त्यांनी आगकाडी घेऊन तिच्या टोकानं त्या खोगिराचा डावा कोपरा अलगद दाबला. भुंगा बंद. काडी उचलली, भुंगा सुरू. दाबली, बंद. मिनिटभर ते तेच करत राहिले. त्यांना इतकं सुखी मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

"गुरुजी, तुमची घोडी लंगडून राहिली."

खरंच. त्या खोगिराच्या दोन बारीक पायांपैकी डावा पाय पट्टीला टेकतच नव्हता. केसभर वर लटकत होता. खोगिराचा सगळा भार उजव्या पायावर, आणि डावा आपल्या आट्यांत मोकळा. तिसऱ्या पडद्यातला तो एक सूर लागला की पाय त्याच वेगानं थरथरायचा आणि झुर्रर्र करायचा. दुसरा सूर लावला की गप्प. प्रत्येक सैल वस्तूचा एक ठरलेला सूर असतो. तो लागेपर्यंत ती सज्जनासारखी बसून राहते.

रोग कळला, पण औषधाला चावी नव्हती. दीड मिलिमीटरची एलनकी हवी, आणि भाऊंचा संच दोनपासून सुरू. गोंदियाहून आणू म्हटलं तर त्यांना तो अपमान वाटला. सायकलचा मोडका आरा काढला, व्हाइसमध्ये आवळला आणि कानस घेऊन बसले. गोल तारेला सहा कडा आणायच्या, त्याही समान. चार घास मारायचे, तार सहाव्या भागानं फिरवायची, चार घास. दुपारभर त्यांच्या शेडमधून खस्स खस्स येत होतं. दोन आरे फुकट गेले. तिसऱ्याचं टोक त्या बाजरीच्या दाण्यात शिरलं आणि घट्ट बसलं. भाऊंनी पाव फेरा दिला. डावा पाय टेकला.

मी पाचवी तार छेडली. स्वच्छ.

मी म्हटलं, "वा! झालं." भाऊ म्हणाले, "काही नाई झालं. उद्या परत सुटन." तारा ताणलेल्या, वाजवलं की सगळं थरथरणार, आटे आपोआप मागं फिरणार. त्यावर त्यांचा इलाज वहिनींच्या डबीतला होता: नेलपॉलिश. आगकाडीच्या टोकानं बाराही बिनटोप्यांच्या आट्यांवर एकेक थेंब. वाळलं की स्क्रूला धरून ठेवतं, आणि उद्या फिरवावंच लागलं तर चावीच्या जोरानं सुटतं. लाल रंगाचे बारा ठिपके. घोडी आता हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसत होती. मागच्या बाजूला लाकडात कोरलेल्या खाच्यात ताणलेल्या स्प्रिंगा असतात, त्याही गुणगुणत होत्या. त्यांच्याखाली जुन्या स्लिपरचा स्पंज गेला.

या सगळ्या खटाटोपात मी एकदा चूक केली. म्हणालो, "भाऊ, खरं सांगू? अॅम्पला लावल्यावर हा आवाज जवळजवळ येतच नाही." आणि समजावून सांगितलं. तारांखाली लोहचुंबक, त्याला केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकापुढं हलली की वेढ्यांत वीज उमटते आणि तीच स्पीकरकडं जाते. घोडीचा पाय खडखडला तर त्याला ते कळत नाही, त्याला फक्त तार कळते.

मोटारी भरण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "म्हंजे उलटी मोटार. डायनामो." मग बराच वेळ गप्प. आणि मग, दुखावल्या आवाजात, "आयकू येत नाई म्हनून ढिल्लं नाई का जी?"

मी विषय बदलला. त्यांना सांगितलं की ज्या गिटारीची ही नक्कल आहे ती 1954 साली अमेरिकेत निघाली. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावच्या लिओ फेंडर यांच्या कारखान्यात. हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. जगभरच्या वादकांनी त्यांची गिटार गळ्यात घातली, पण ते स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकले नाहीत.

मला वाटलं, त्यांना नवल वाटेल. ते म्हणाले, "बरोबर हाये. वाजवनाऱ्याले आवाज कुठं आयकू येते? तो गान्यात राहते."

भाऊ गाण्यात कधीच राहिले नव्हते असं नाही. त्यांच्या आळीत भजनी मंडळ आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं विदर्भाच्या खेड्याखेड्यात खंजिरी पोचली, तशी इथंही. भाऊ तरुणपणी मंडळात होते, आणि त्यांना खंजिरीच दिली होती. पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. खंजिरीच्या कडेला खाचांमध्ये पितळी चकत्या असतात, खिळ्यावर सैल ओवलेल्या. भाऊंनी एका रात्रीत सगळ्या चकत्या वायसर घालून आवळल्या. दुसऱ्या दिवशी गुरुवारच्या भजनात त्यांनी खंजिरीवर थाप मारली तर पाट बडवल्यासारखा ठप्प आवाज. बुवांनी भजन थांबवलं. मंडळानं खंजिरी काढून घेतली आणि भाऊंना सतरंज्या घालण्याचं काम दिलं. ते त्यांनी कित्येक वर्षं मन लावून केलं. सतरंजी वाजत नाही.

हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तानपुऱ्याची गोष्ट काढली. जरा खोडीच होती. म्हटलं, भाऊ, मिरजेला सतार-तानपुरे बनवणारे कारागीर आहेत, दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. 2024 साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते लोक तानपुऱ्याची घोडी तासन्‌तास घासतात. कशासाठी? तार तिच्या पाठीला पुसट घासत राहावी म्हणून. त्यातून जी गोड झणझण निघते तिला जवारी म्हणतात. ती नेमकी जागी बसावी म्हणून तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. तुम्ही माझ्या घोडीची झुर्रर्र काढली, आणि तिकडं पैसे मोजून झुर्रर्र लावून घेतात.

भाऊ ऐकत होते. हातातली कानस त्यांनी खाली ठेवली.

"तो धागा काढला तं?"

"तर तानपुरा मुका होतो."

ते उठले, सायकल घेतली, गेले. कुणाशी काही न बोलता गेले. मला वाटलं, आपण माणूस दुखावला. दोन दिवस ते शेडवरही नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात. रात्रभर जागलेले डोळे. म्हणाले, "गुरुजी, ढिल्लं येगरं अन सैल येगरं. ढिल्लं आपोआप होते. सैल ठेवा लागते."

त्या गुरुवारी मंडळाच्या बुवांनी मला बोलावून विचारलं, "तुमी का सांगतलं जी त्याले?" भाऊंनी पेटीतली ती जुनी खंजिरी मागून नेली होती आणि चकत्यांचे वायसर काढून परत आणून दिली होती. शिवाय मोजून. प्रत्येक चकतीला किती जागा मोकळी हवी याचं माप त्यांनी खंजिरीच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं.

गिटार मात्र आता अगदी गप्प झाली, आणि भाऊ बेचैन. संध्याकाळी येऊन ओट्यावर बसत. "वाजवा." मी काहीतरी वाजवायचो, जमेल तसं. ते डोकं खाली घालून ऐकायचे, घोडीकडं बघत. गाणं कसं वाटलं विचारलं की उत्तर एकच: "टाइट हाये." सालेकशात माझ्या वादनाची झालेली ही एकमेव समीक्षा, आणि ती माझ्या वादनाची नव्हती.

दिवाळी झाली. धान कापून झालं आणि गावोगाव मंडई सुरू झाली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवसा बाजार, जिलेबी, पाळणे, पाहुणे. आणि रात्री दंडार नाहीतर नाटक. सालेकशाशेजारच्या एका टोल्यावर नाटकाआधी पोरांचा ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा गिटारवाला ऐनवेळी आजारी पडला. माझ्या घरी गिटार आहे ही बातमी कुणी पोचवली ते मी अजून विचारलेलं नाही, पण मला घ्यायला सायकलवरून भाऊ आले होते.

थंडी पडली होती. कापलेल्या बांधीतच मांडव, बल्ल्यांवर फळ्या टाकून स्टेज, शेजारी धडधडणारं जनरेटर. ऑक्टोपॅडवाल्या पोरानं पहिली थाप मारली आणि माझ्या छातीतली हाडं हलली. एवढ्या आवाजात घोडीचे चोवीसच्या चोवीस स्क्रू गळून पडले असते तरी कुणाला कळलं नसतं. भाऊ पहिल्या रांगेत सतरंजीवर, शाल गुंडाळून, मान तिरकी.

दुसरं गाणं सुरू झालं. माझा सुरांचा ठेका कसाबसा जमत होता. आणि मी पाहिलं, भाऊंची मान सरळ झाली. ते गिटारीकडं बघत नव्हते. माझ्या पायांकडं बघत होते. माझ्या नव्हे, पायाखालच्या फळीकडं. मी नको नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं मी तालात आहे. ते उठले, शाल शेजारच्या माणसाच्या हाती दिली, आणि बल्ल्यांवर लावलेला पडदा उचलून स्टेजखाली गेले.

गाणारी मुलगी अंतऱ्यावर आली तेव्हा माझ्या टाचेखालून ठक्‌ असा एक घाव आला. मग दुसरा. समेवर नव्हता, आणि आडही नव्हता, कुठंतरी मधेच. ऑक्टोपॅडवाल्यानं चमकून माझ्याकडं पाहिलं, मी कीबोर्डवाल्याकडं. ठक्‌ ठक्‌. प्रेक्षकांतून शिट्टी आली. त्यांना ही नवीन युक्ती वाटली असावी. आम्ही सगळे त्या हातोड्याच्या मागं धावत कसेबसे गाण्याच्या शेवटापर्यंत पोचलो. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या. क्षणभर फक्त जनरेटरचा आवाज राहिला.

मग फळ्यांच्या फटीतून, माझ्या दोन पायांच्या मधून, समाधानानं भरलेला आवाज वर आला.

"हां गुरुजी, आता वाजवा."